चंडोल कंपनीचा पाळणा

तोंड उघडून बसलेल्या माणसाला दाताच्या डॉक्टरनं प्रश्न विचारू नयेत, हा साधा संकेत डॉ. नीलांबिका हिरेमठ यांनी जन्मात पाळला नाही. पेशंटच्या तोंडात आरसा, कापूस, नळी असं सगळं कोंबून झालं की त्या विचारायच्या, "घरी जुनी तबकडी आहे का हो? फोनोची? लाखेची असते ती, पडली की फुटते ती?" पेशंट बिचारा 'आँ आँ' करायचा. त्यातलं कळवळणं कुठलं आणि होकार कुठला हे त्यांना बरोबर समजायचं. होकार असला तर त्या दाढेचं काम जरा जास्तच हळुवार व्हायचं, असा माझा जुना संशय आहे.

सोलापुरात सात रस्त्याला पहिल्या मजल्यावर त्यांचा दवाखाना आणि खाली माझं चष्म्याचं दुकान. आख्खी इमारत त्यांना अक्का म्हणायची. मूळच्या मैंदर्गीच्या. मराठी बोलता बोलता कन्नडात शिरायच्या आणि हद्द ओलांडल्याचं त्यांच्या ध्यानातही यायचं नाही. मला त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही. जिन्यातून आवाज यायचा, "चष्मेवाले, वर या." वर जाताना मोठं भिंग बरोबर न्यायचं, हे मी सवयीनं शिकलो होतो. दिवसभर माणसांच्या डोळ्यांचे नंबर काढायचे आणि दुपारी दुकान बंद असलं की वर जाऊन तबकड्यांचे, असा माझा दिनक्रमच होऊन बसला.

दवाखान्याच्या आतल्या खोलीत भिंतीला लागून कपाटं होती. तबकडी हातात आली की अक्का आधी तिचा वास घ्यायच्या. मग काठावर नखानं टिचकी मारून कान देऊन ऐकायच्या, चिरलेली असली तर आवाज बद्द येतो म्हणून. मग टेबलावरचा दिवा तिरपा करायचा आणि दात तपासायचा तो चिमुकला आरसा घेऊन मधल्या कागदाच्या कडेनं फिरवायचा. गाणं संपल्यावर कागदाभोवती एक गुळगुळीत पट्टा राहतो. कारखान्यातल्या कुणीतरी त्या पट्ट्यात सुईनं आकडा कोरून ठेवलेला असतो, उजेड नीट पडला तरच दिसणारा. अक्कांचा सगळा जीव त्या आकड्यात. "कागद खोटं बोलतो की," त्या म्हणायच्या, "एकावर दुसरा चिकटवला की झालं काम. आकड्याला कसं चिकटवणार?"

मोठ्या कंपन्यांच्या रेकॉर्डना त्या हातही लावत नसत. एकदा एक गृहस्थ पिशवी भरून घेऊन आले होते, सगळ्या नामांकित गायकांच्या. अक्कांनी एकेक पाहिली, पुन्हा कागदात गुंडाळली आणि म्हणाल्या, "छान आहेत. ऐका तुम्ही." गृहस्थ गेल्यावर मी म्हटलं, अहो, काय सुंदर माल होता. तर म्हणाल्या, "मोठ्या कंपनीचं सगळं कुणी ना कुणी लिहून ठेवलंय. लहान कंपनीला माणूस लागतो."

या लहान कंपन्या म्हणजे कुणा कापडवाल्याची, कुणा सायकलवाल्याची हौस. यंत्र भाड्यानं आणायचं, धर्मशाळेची खोली घ्यायची, गावातले भजनी, शाहीर, देवळातले गुरव, कुणाच्या घरच्या गाणाऱ्या बायका यांना बोलवायचं आणि गाऊन घ्यायचं. कागदावर पोपट, कमळ, काहीतरी छापायचं. दोन-चार वर्षांत गाशा गुंडाळायचा. अशा कंपन्यांचा ना हिशेब राहिला ना पत्ता. अमेरिकेतल्या काळ्या गायकांच्या ब्लूज नावाच्या गाण्यांचीही अशीच गत झाली, हे अक्कांना जावयानं दाखवलं होतं. तिथेही लहान कंपन्या, तिथेही कोरलेले आकडे, आणि ते वाचत बसलेले लोक. अक्कांनी त्यातल्या एकाशी पत्रव्यवहारही सुरू केला होता. "तिकडंपण आहेत की हो आपल्यासारखे येडे," हे सांगताना त्यांना झालेला आनंद मी विसरणार नाही. माझा त्या येड्यांत समावेश झाला होता, हे मला त्या दिवशी कळलं.

हा नाद लागला कसा, असं विचारलं की उत्तर माणसागणिक वेगळं मिळायचं. कुणाला सांगायच्या वडिलांमुळे, कुणाला सांगायच्या एका पेशंटनं भेट दिली म्हणून. मला सांगितलं, "दात माणसाच्या तोंडात असतो तोवर बोलतो, पडल्यावर गप्प. म्हटलं, पडून पण बोलणारी वस्तू बघू." हे त्यांनी तेवढ्यापुरतं रचलं असणार, पण मला आवडलं.

हुशार माणसं चुका करतात त्या जरा वेगळ्या तऱ्हेच्या असतात. अक्कांचीही एक होती आणि ती त्या स्वतःच सगळ्यांना सांगायच्या. वाचनालयाच्या सभागृहात त्यांनी जुन्या रेकॉर्ड ऐकवण्याचा कार्यक्रम केला होता. मीही होतो. एका तबकडीबद्दल त्या भरभरून बोलल्या. हा गायक दहा-बारा वर्षांचा मुलगा असणार, बघा काय कोवळा आवाज, बघा काय फिरत, पुढे याचं काय झालं कुणास ठाऊक. लोक हळहळले. समोरच्या बाईंनी तर पदर डोळ्याला लावला. मागून एक धिप्पाड गृहस्थ उठले आणि म्हणाले, "बाई, हे माझे चुलते. गिरणीत जॉबर होते, कामगारांवरचे मुकादम. मिशा होत्या की त्यांना, ह्या एवढ्या."

झालं होतं असं की, गाणं भरून घेताना त्या कंपनीचं यंत्र हळू फिरत होतं. अक्कांच्या यंत्रावर ते नेहमीच्या वेगानं फिरल्याबरोबर जॉबरचा पोरगा झाला. सभागृहात सगळ्यात आधी हसल्या त्या अक्काच. पण घरी जाऊन त्यांनी हार्मोनियम काढली. रेकॉर्डवरच्या पेटीचा सूर आपल्या पेटीच्या पट्टीशी जुळेपर्यंत यंत्राचा वेग कमी-जास्त करत बसायचं, ही त्यांची पुढची रीत झाली. आणि तेव्हापासून तीन साक्षीदारांचा नियम आला. कागद, आकडा आणि जिवंत माणूस. तिघांची जबानी जुळली तरच अक्का म्हणणार, हो, ही रेकॉर्ड अमक्याची. "एकदा मी एका मिशाळ माणसाचं पोर केलंय," त्या म्हणायच्या, "आता पुन्हा न्हाई."

नाना आले ते कवळी बसवायला. केम गावचे, ऐंशी ओलांडलेले, शेती मुलाकडे सोपवून मोकळे झालेले. रेल्वेनं यायचे आणि दाराशी चपला काढून आत यायचे, अक्कांनी कितीदा सांगितलं तरी. त्या दिवशी आत एक जुनं भजन लागलं होतं. नाना मापाला बसले होते, ते खुर्चीतून उठूनच बसले.

"डॉक्टर, ह्या जुन्या प्लेटा हायती व्हय तुमच्याकडं?"

"आहेत की. तुमच्याकडं आहे?"

"न्हाय वो. पर माजी आई हाय त्यात कुटंतरी."

मी भिंग घेऊन तिथेच उभा होतो. अक्कांनी हातातला साचा खाली ठेवला.

नानांची आई सोलापूरची, मास्तरांची मुलगी. नाना रांगत होते तेव्हा ती गेली. तसबीर नाही, काही नाही. वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि पहिलीचं नावही घरात राहिलं नाही. मावशी होती, ती सांगायची, तुझ्या आईनं चंडोल कंपनीला पाळणा गायला होता. सासरची माणसं काय म्हणतील म्हणून कागदावर नाव घालू दिलं नाही. "मावशी म्हनायची," नाना म्हणाले, "नाव न्हाय, पर ती हाय. तवापासनं कुटं बी फोनो वाजला का मी उबा ऱ्हातो. लोकं म्हनत्यात, नानाला गान्याचं लई याड. मला गान्यातलं काय बी कळत न्हाय बगा."

चंडोल कंपनी अक्कांना तोंडपाठ होती. कागदावर उडणारा पक्षी, खाली गाणाऱ्याचं नाव. घरंदाज बायका नाव द्यायला तयार नसत, तेव्हा नुसतं छापायचे, 'एक भगिनी'. अशा भगिनींच्या तबकड्या अक्कांकडे होत्या, पण पाळणा एकही नव्हता. त्या दिवसापासून दवाखान्यात तोंड उघडून बसलेल्या प्रत्येकाला नवा प्रश्न सुरू झाला. "चंडोल आहे का? पक्षी? पाळणा?"

पुढं कधीतरी त्यांच्या माहेराहूनच निरोप आला. मैंदर्गीच्या बाजारात सिद्रामप्पांचं धान्याचं दुकान आहे, त्यांच्या माळ्यावर पक्ष्याची तबकडी निघाली. आम्ही दोघं एस.टी.नं गेलो. सिद्रामप्पांनी दारातूनच "बर्री, बर्री" करत स्वागत केलं, बसायला सतरंजी टाकली आणि धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली तबकडी आणली. अक्कांनी लांबूनच कागद वाचला. एका अंगाला गौळण, दुसऱ्या अंगाला पाळणा. एक भगिनी. अक्कांनी पदराला हात पुसले आणि पुढे केले.

"थांबा की अक्का," सिद्रामप्पा म्हणाले, "लई धुरळा हाय. डॉक्टर मानसाच्या हातात अशी घान द्यायची व्हय?" आणि कोरोनाच्या वेळची सॅनिटायझरची बाटली फळीवर होती, ती त्यांनी तबकडीवर चांगली सढळ हातानं ओतली आणि पंच्यानं खसाखसा पुसायला लागले. लाख स्पिरिटात विरघळते. पंचा काळाकुट्ट झाला. सिद्रामप्पांनी तो आम्हांला अभिमानानं दाखवला. "बगा, किती मळ निगाला!"

तो मळ नव्हता. ती गौळण होती.

मी तोंड उघडणार तेवढ्यात अक्कांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "पुरे आता, सिद्रामप्पा," त्या म्हणाल्या, "दुसरी बाजू मी घरी पुसते. तुम्ही कशाला दमता." मग त्यांनी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि वर दही असं पोटभर जेवण केलं, सुनेची विचारपूस केली, नातवाची दुधाची दाढ पाहून दिली. एस.टी.त बसल्यावर मात्र बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. मी सिद्रामप्पांबद्दल काहीतरी वाईट बोललो. "असं म्हणू नका," त्या म्हणाल्या. "पाहुण्याच्या हातात स्वच्छ वस्तू दिली त्यांनी. आपल्या लोकांचं असंच असतं की."

पाळणा शाबूत होता. पण पाळण्याच्या बाजूला तेलाचा आणि धुळीचा जुना थर बसला होता आणि नेमका आकड्यावर तो जास्त जाड होता. एरवी अक्का त्याच दिवशी रिठ्याच्या पाण्यात मऊ फडकं बुडवून तबकडी धुऊन टाकायच्या. ही तशीच कपाटात राहिली. नानांना त्यांनी एवढंच सांगितलं, एक सापडलीय, खात्री व्हायची आहे. नाना म्हणाले, "तुमी म्हनशाल तवा." त्यानंतर कवळी टोचते या निमित्तानं ते येऊन जायचे. कवळी टोचत नव्हती, हे अक्कांनाही ठाऊक होतं.

मला राहवेना. एका दुपारी मी सरळ विचारलं, "धूत का नाही तुम्ही ती?"

त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि नीट समजावून सांगितलं. चंडोल कंपनी सोलापुरात दोनदा आली होती. पहिल्या खेपेच्या तबकड्यांवर नुसता आकडा. दुसरी खेप दोन-तीन वर्षांनी, तेव्हा आकड्यापुढं बारीक चांदणी कोरलेली. नानांची आई दुसऱ्या खेपेच्या आधीच गेली होती. आणि हा पाळणा तेव्हा घरोघरी म्हटला जायचा, दुसऱ्या खेपेला दुसऱ्या कुणा बाईकडून पुन्हा गाऊन घेतला असणं सहज शक्य होतं. "दोन साक्षीदार झाले," अक्का म्हणाल्या. "तिसरा मळाखाली आहे."

"मग राहू दे की मळाखाली," मी म्हणालो. "म्हाताऱ्याला ऐकवा आणि सांगा, ही तुमची आई. कुणाचं काय जातंय?"

मला वाटलं चिडतील. चिडल्या नाहीत. "मी पण तेच म्हणते रोज मनात," त्या म्हणाल्या. "हो म्हणायला माझ्या जिभेला काय कष्ट? पण ही दुसरीच कुणी निघाली, तर तिचं काय हो? नाव तर आधीच नाही बिचारीचं. आवाज तेवढा उरलाय, तो पण मी दुसरीला देऊन टाकू?"

मला त्यांचा राग आला होता. माणूस समोर जिवंत बसलाय आणि ही बाई मेलेल्या भगिनीची वकिली करतेय, असं वाटलं. मी भिंग उचलून खाली आलो.

अखेर त्यांनी नानांना बोलावून घेतलं. "तुमच्यासमोरच काढते," म्हणाल्या. खोलीत दुसरी जागा नसल्यामुळे नाना दातांच्या त्या लांबलचक खुर्चीवर बसले, पाय लोंबकळत ठेवून. मी दिवा धरला. अक्कांनी रिठ्याचं पाणी कापसानं लावलं, थर भिजू दिला आणि दातांवरचं कीट काढतात तसा एकेक पापुद्रा काढायला सुरुवात केली. आकड्याचा पहिला अंक दिसला, मग दुसरा. शेवटचा पापुद्रा निघाल्यावर अक्का आरसा घेऊन वाकल्या आणि तशाच वाकून राहिल्या. मग आरसा माझ्या हातात दिला. मी पाहिलं. चांदणी होती.

मला वाटलं, आता तरी या खोटं बोलतील. मी तर मनातून देवाला विनवत होतो.

अक्का नानांसमोर स्टुलावर बसल्या. "नाना, ही तुमची आई नव्हे," त्या म्हणाल्या. चांदणीचं, दोन खेपांचं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. नानांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. बाहेर सात रस्त्याचे हॉर्न चालू होते. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

नाना म्हणाले, "मग ही कोन?"

"माहीत नाही."

"हिचं कुनी आलं न्हाय इचारायला?"

"नाही आलं, नाना. कुणीच नाही."

नानांनी तोंडातली कवळी काढली आणि रुमालात बांधली, मध्येच वाजायला नको म्हणून. "मंग लावा की," ते बोळक्या तोंडानं म्हणाले. "कुनीतरी ऐकाया पायजे."

अक्कांनी पेटीशी सूर जुळवून वेग ठरवला आणि सुई टेकवली. आधी नुसती खरखर. मग त्यातून एका बाईचा आवाज आला. शिकलेला नव्हता. सुरुवातीला घाबरलेला होता, दुसऱ्या कडव्यानंतर यंत्राचा विसर पडल्यासारखा मोकळा झाला. नाना डोळे मिटून ऐकत होते आणि त्यांची बोटं खुर्चीच्या दांड्यावर हलकेच वर-खाली होत होती. मी आयुष्यात पुष्कळ चांगलं गाणं ऐकलं आहे. पण त्या तीन-सव्वातीन मिनिटांत माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि अक्कांच्याही, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे न बघण्याची काळजी घेत होतो.

त्यानंतर नाना महिन्या-दोन महिन्यांनी यायचे. आता कवळीचं निमित्त सांगत नसत. टोपी काढायची, कवळी काढायची, पाळणा ऐकायचा आणि परतीची गाडी धरायची. अक्का शोधत होत्याच. अमेरिकेतल्या त्या गृहस्थालाही त्यांनी चंडोलचं चित्र पाठवून ठेवलं होतं. तिकडं कशी असणार, असं मी म्हटलं, तर म्हणाल्या, "विचारायला काय जातंय?"

मग त्यांचे गुडघे गेले. मुलगी धारवाडला न्यायला आली, दवाखाना बंद करायचं ठरलं. धारवाडला त्या फार दिवस राहिल्या नाहीत. गेल्या थंडीत गेल्या, तेव्हा मला कळलं ते फोनवरून. माझ्या डोळ्यांसमोर त्यांचं शेवटचं दर्शन राहिलंय ते धारवाडला जायच्या आदल्या दिवसाचं, जिन्यातलं. नाना भेटायला आले होते. अक्कांनी ती तबकडी धोतराच्या त्याच फडक्यात बांधून त्यांना देऊन टाकली, बरोबर चावीचं एक जुनं यंत्र दिलं. यंत्र मी उचललं. तबकडी मात्र नानांनी माझ्याकडे दिली नाही, दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि एकेक पायरी चाचपत उतरायला लागले.

अक्का कठड्याला धरून वरच्या पायरीवर उभ्या होत्या. "नाना," त्यांनी हाक मारली, "मी धारवाडहून पण शोधत राहणार हं. पहिल्या खेपेची असणार कुठंतरी. तुमची आई सापडेल."

नाना थांबले. वळून वर पाहिलं.

"शोदा की," ते म्हणाले. "पर घाई करू नगा. आता हिची बी सवय झालीया."

नाना रस्त्याला लागेपर्यंत अक्का तिथंच उभ्या राहिल्या.